आधी भिंत, मग काच, शेवटी कागद: रत्नागिरीजवळच्या घरातल्या तीन फ्रेम

रत्नागिरीजवळचं, समुद्रापासून पायी दहा मिनिटांवरचं जुनं घर. भिंती जांभ्याच्या, वर मंगळुरी कौलं, पश्चिमेकडे उघडणारं मोठं दार. बाहेरच्या खोलीत तीन फोटो लावायचे होते. पहिला आजोबांचा, कृष्णधवल. मूळ प्रत पोस्टकार्डाएवढी आणि तपकिरी पडलेली. दुसरा मुलीच्या लग्नाचा, गडद हिरवा शालू आणि भरपूर जर. तिसरा आंबोली घाटातल्या धुक्याचा.

हे तिन्ही फोटो एकदा फ्रेम होऊन भिंतीवर लागलेही होते. लॅबमधून ग्लॉसी प्रिंट, त्यावर थेट काच, मागे हार्डबोर्ड, चार बाजूंनी चुका आणि वरून खाकी कागदाची पट्टी. गावोगावी फ्रेम अशीच होते आणि कोरड्या हवेत ती बरीच वर्षं टिकतेही. इथे जूनमध्ये लावलेल्या फ्रेम गणपतीच्या आधी साफसफाईला उतरवल्या, तेव्हा लग्नाच्या फोटोत नवरीच्या खांद्यापासून कोपरापर्यंत ओल्यासारखा दिसणारा, वेड्यावाकड्या कडांचा पट्टा होता. काच पुसली तरी तो जाईना, कारण तो काचेच्या आतल्या बाजूला होता. आजोबांच्या फोटोच्या खालच्या कडेला बुरशीचे करडे ठिपके आले होते. धुक्याच्या फोटोला इजा नव्हती, पण तो कुणाला धड दिसतच नव्हता. समोर उभं राहिलं की स्वतःचा चेहरा आणि मागचं दार दिसायचं.

घरच्यांचा प्रश्न एवढाच होता: आता ग्लॉसी घ्यायचा की मॅट? दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, पण ते हातात धरलेल्या नमुन्यावरून दिलेलं असतं. हातातला नमुना काचेशिवाय, जवळून आणि हवा तसा तिरका करून पाहता येतो. फ्रेममधला फोटो दोन मिलिमीटर काचेमागे, सहा-आठ फुटांवरून आणि एकाच कोनातून दिसतो. म्हणून क्रम उलटा धरावा लागतो. आधी भिंत, मग काच आणि माउंट (काच आणि फोटो यांच्यामधली जाड पुठ्ठ्याची चौकट), कागद सगळ्यात शेवटी.

बिघडलं काय आणि कशामुळे

लॅबमधला रंगीत प्रिंट म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदावर जिलेटिनचा लेप. चित्र त्या जिलेटिनमध्ये असतं. जिलेटिन हवेतली ओल शोषून फुगतं आणि मऊ होतं. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे 80 टक्क्यांच्या वर राहते, आणि जांभ्याची बाहेरची भिंत पाणी पीत असते ते वेगळंच. मऊ झालेलं जिलेटिन काचेला टेकलं की चिकटतं. ग्लॉसी पृष्ठभाग सपाट असल्यामुळे तो काचेला सगळीकडून सारखा भिडतो, म्हणून तो सर्वांत लवकर चिकटतो. लस्टर किंवा सिल्क या अर्धवट चमकीच्या कागदांचा बारीक खडबडीतपणा ही वेळ थोडी पुढे ढकलतो, पण टाळत नाही. कागद कोणताही असो, काच आणि प्रिंट यांच्यात हवेची फट नसेल तर या हवेत फोटो वाचणं नशिबावर आहे.

चिकटलेला फोटो ओढायचा नाही. कोपऱ्यातून सुरी घालायची नाही आणि हेअर ड्रायरही मारायचा नाही; उष्णतेने जिलेटिन आणखी मऊ होतं आणि चेहऱ्याचा तुकडा काचेवरच राहतो. लग्नाच्या फोटोची मूळ फाइल घरात होती, त्यामुळे तो प्रिंट सोडून दिला. फाइल नसती तर काचेसकट स्कॅन करून नंतर डाग दुरुस्त करणं, हा सुरक्षित मार्ग होता.

आजोबांच्या फोटोचं दुखणं वेगळं. त्या फ्रेमला रोज हार, गंध आणि उदबत्ती. ताज्या हाराचं पाणी काचेवरून ओघळत खालच्या पट्टीच्या खाचेत उतरायचं आणि तिथून हार्डबोर्डात मुरायचं. बुरशी खालूनच सुरू झाली होती, वरच्या कडेला एकही ठिपका नव्हता. हवेत नुसता दमटपणा असता तर ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसले असते. फ्रेममध्ये होती ती सुदैवाने स्कॅनची प्रत. मूळ फोटो कपाटात होता. तो यापुढेही तिथेच राहणार, आम्लरहित कागदात, कोरड्या डब्यात. भिंतीवर नेहमी प्रतच लावावी.

भिंतीची पाहणी

साधी चाचणी अशी. फ्रेम लावायची त्या जागी काळा कार्डबोर्ड आणि त्यावर साध्या काचेचा तुकडा धरायचा. रोज बसण्याच्या जागेवरून पाहायचं. काळ्यावर जे दिसेल ते फोटोवरही दिसणार. सकाळी दहाला, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून, अशी तीन वेळा.

दारासमोरच्या भिंतीवर दुपारी चारला काळा कार्डबोर्ड जवळजवळ पांढरा दिसत होता, सगळं दार त्यात उतरलं होतं. बाजूच्या, उत्तरेकडच्या भिंतीवर कार्डबोर्ड काळाच राहिला. रात्री फक्त टीव्हीचा एक चौकोन खालच्या कोपऱ्यात यायचा. माजघराकडे जाणाऱ्या बोळात ट्यूबलाइटची एक आडवी रेघ, बाकी काही नाही.

आजोबांचा फोटो दारासमोरच हवा, घरात येणाऱ्याला आधी तो दिसला पाहिजे, यावर घरचे ठाम होते. ही अट मान्य करूनच पुढचं ठरवलं. लग्नाचा फोटो बाजूच्या भिंतीवर, धुकं बोळात. तिन्ही भिंती आतल्या आहेत, पाऊस झेलणारी एकही नाही. जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर फोटो लावूच नये, प्लास्टर आणि रंग असला तरी.

काळा रंग किती काळा लागतो

कागदाच्या निवडीत सगळ्यात मोठा फरक पडतो तो काळ्या रंगात. चांगल्या मॅट कॉटन कागदावर सर्वांत गडद काळ्याची घनता साधारण 1.6 ते 1.7 मिळते, लस्टर किंवा बरायटावर (बेरियमचा लेप दिलेला चकचकीत फोटो कागद) 2.3 च्या आसपास. 1.6 म्हणजे पडलेल्या प्रकाशातला सुमारे अडीच टक्के परत येतो, 2.3 म्हणजे अर्धा टक्का. हातात दोन्ही नमुने धरले की लस्टर एकदम जिंकतो तो यामुळेच.

आता समोर काच येते. साधी काच पुढच्या आणि मागच्या अशा दोन पृष्ठभागांवरून मिळून आठेक टक्के प्रकाश आरशासारखा परत फेकते. त्या काचेसमोर उघडं दार असेल तर दाराच्या उजेडाचा आठ टक्के भाग फोटोच्या काळ्यावर सांडतो, आणि दार खोलीतल्या भिंतींपेक्षा कितीतरी पट उजळ असतं. तिथे अडीच आणि अर्धा टक्का हा फरक डोळ्याला कळत नाही. ग्लॉसी कागद तर स्वतःचा तिसरा चकचकीत पृष्ठभाग त्यात मिसळतो: काचेतलं प्रतिबिंब आणि त्याला किंचित सरकून कागदातलं दुसरं.

म्हणजे खोल काळ्याची किंमत प्रतिबिंब नसलेल्या भिंतीवरच वसूल होते. दारासमोरच्या फोटोला मॅट दिला तर हातचं काही जात नाही. बाजूच्या भिंतीवरच्या फोटोला मॅट दिला तर खरंच नुकसान होतं. एरवी ‘पोर्ट्रेटला मॅट, लग्नाला ग्लॉसी’ असे ठोकताळे ऐकू येतात, त्यांत भिंतीचा विचारच नसतो.

तीन फोटो, तीन निर्णय

आजोबांचा फोटो: मॅट कॉटन कागद, चौरस मीटरला 310 ग्रॅम, ब्राइटनर नसलेला, किंचित दुधाळ पांढरा. कॅन्सनचा रॅग फोटोग्राफिक याच जातीचा आहे. मूळ फोटोतच काळा मऊ होता, तपकिरी छटा होती. त्याला खोल काळ्याची गरज नाही. ब्राइटनर टाळण्याचं कारण असं, की ही रसायनं अतिनील किरण शोषून निळसर चमकतात आणि त्यामुळे कागद शुभ्र दिसतो. उजेडात वर्षं गेली की ती मंदावतात आणि कागद पिवळट दिसू लागतो. अतिनील किरण अडवणारी काच लावली तर ही चमक पहिल्या दिवसापासूनच मिळत नाही, म्हणजे शुभ्रतेचे पैसे वाया. प्रिंट पिगमेंट शाईच्या इंकजेटवर काढला. लॅबच्या रंगीत कागदावर कृष्णधवल छापला की करड्यात हिरवट किंवा जांभळट झाक येते, आणि ती प्रत्येक वेळी वेगळी.

मॅट छापताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला काळ्या शाईचा. बऱ्याच पिगमेंट प्रिंटरमध्ये दोन काळ्या शाया असतात, मॅटसाठी एक (मॅट ब्लॅक) आणि चकचकीत कागदांसाठी दुसरी (फोटो ब्लॅक). छापताना कागदाचा प्रकार चुकीचा निवडला तर मॅट कागदावर फोटो ब्लॅक उतरते आणि चित्र राखाडी, धुतल्यासारखं दिसतं. उलट झालं, म्हणजे लस्टरवर मॅट ब्लॅक, तर शाई बोटाला लागते. दुसरा घोटाळा गडद भागातल्या तपशिलाचा. पडद्यावर आजोबांच्या काळ्या टोपीची शिवण दिसते, मॅटवर ती नाहीशी होते. त्यासाठी आधी काळ्यापासून करड्यापर्यंतची पट्टी छापायची: 0, 2, 4, 6 असं करत 40 पर्यंत, प्रत्येक घर वेगळं (0 म्हणजे पूर्ण काळा, 255 म्हणजे पांढरा). ज्या आकड्याखालची घरं एकमेकांत मिसळलेली दिसतात तो त्या कागदाचा तळ. फोटोतला गडद तपशील त्या तळाच्या वर उचलायचा आणि मगच मोठा प्रिंट काढायचा. ही पट्टी फ्रेमच्याच काचेमागे ठेवून, त्याच भिंतीवर पाहावी.

लग्नाचा फोटो: लॅबचा लस्टर. हा निर्णय सर्वांत जास्त वेळ घेणारा होता, कारण फोटो अवघड होता. शालूचा हिरवा इतका गडद की निऱ्यांच्या सावल्या जवळपास काळ्या, आणि त्यालाच लागून जरीचे लखलखते काठ. मॅटवर काढलेल्या चाचणीत निऱ्या एकजीव झाल्या. सावल्या उचलल्या तर हिरवा धुरकट झाला. मेटॅलिक कागदावर जर सुरेख दिसली, पण समोरून थोडं बाजूला सरकलं की नवरीच्या गालावरही तीच धातूची झाक आली. सिल्कचा जाळीदार पोत वरून येणाऱ्या दिव्यात चेहऱ्यावर बारीक ठिपक्यांसारखा उठला. ग्लॉसीचा काळा लस्टरइतकाच खोल, पण काचेमागे त्याचं दुसरं प्रतिबिंब आणि चिकटण्याचा धोका दोन्ही पदरात पडतात. लस्टरचा पोत काचेमागे चार फुटांवरून दिसतच नाही, उरतो तो खोल हिरवा.

इंकजेटऐवजी लॅबचा प्रिंट घेण्याचं एक कारण काचेवर येणाऱ्या धुरकट थराचं आहे. इंकजेटच्या शाईतले सावकाश उडणारे द्रव प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदातून मागे जाऊ शकत नाहीत, ते समोरूनच बाहेर पडतात. प्रिंट घाईने फ्रेममध्ये बंद केला की काही आठवड्यांत काचेच्या आतून फोटोच्या आकाराचा दुधी पडदा चढतो. इंकजेटचाच प्रिंट असेल तर त्यावर साधा कोरा कागद अंथरून किमान 24 तास ठेवावा. कागदाला लाटा आल्या तर तो बदलून पुन्हा 24 तास. पावसाळ्यात याहून जास्त. लॅबच्या प्रिंटला हा त्रास नाही.

लॅबला फाइल देताना एक युक्ती उपयोगी पडते. फ्रेमसाठी प्रिंटला कोरी कड हवी असते, आणि लॅबचं नेहमीचं माप 12 बाय 18 इंच, कडेपर्यंत छापलेलं. म्हणून 12 बाय 18 चा पांढरा कॅनव्हास घेऊन त्याच्या मधोमध 10 बाय 15 इंचाचं चित्र बसवलं, 300 डीपीआयला 3000 बाय 4500 पिक्सेल, कलर प्रोफाइल एसआरजीबी. ऑर्डर नेहमीच्या 12 बाय 18 लस्टरची. सोबत लेखी सूचना, की आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवा. ती चालू राहिली तर मशीन गडद शालू पाहून सगळा फोटो उजळ करतं.

धुक्याचा फोटो: आजोबांचाच मॅट कागद. त्यात गडद काहीच नाही, सगळा खेळ पांढऱ्याच्या सात-आठ छटांचा, आणि त्या मॅटवर सुंदर उतरतात. काच न लावता मॅट उघडा ठेवण्याची कल्पना मोह पाडणारी असते, पण कौलारू घरात पाली आणि किडे आहेत. मॅटवर पडलेला डाग पुसता येत नाही, पुसलं तर शाईच निघते.

लॅमिनेशन का नाही

पहिल्या फ्रेम केल्या त्या स्टुडिओने नवा पर्याय सुचवला होता: काच नको, एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) फोटो चिकटवून मॅट लॅमिनेशन करून देतो. प्रतिबिंब नाही, वजन कमी, फुटण्याची भीती नाही. कोरड्या गावात वर्गखोलीसाठी किंवा कार्यालयासाठी हे चालून जातं. कोकणात एमडीएफच्या उघड्या कडा ओल पिऊन फुगतात आणि फिल्म तिथूनच सुटू लागते, बुडबुडे आत सरकतात. शिवाय एकदा गरम करून चिकटवलेली फिल्म काढता येत नाही. आजोबांच्या फोटोला गंध आणि हार असल्यामुळे काच हवीच होती.

काच, माउंट आणि पाठ

काच साधी, 2 मिलिमीटरची. नॉन-ग्लेअर म्हणून मिळणारी खरखरीत काच नाकारली, कारण ती फोटोला टेकलेली असेल तरच चित्र स्पष्ट दिसतं. तीन मिलिमीटर फट ठेवली की सगळं धूसर होतं. इथे तर फट ठेवायचीच होती. प्रतिबिंब एक टक्क्याखाली आणणारी लेप दिलेली काच उत्तम, पण तिच्यावर बोटाचा ठसाही उठून दिसतो. रोज गंध लागणाऱ्या फ्रेमला ती शोभणार नाही.

फट माउंटने मिळते. 1.4 मिलिमीटरचा आम्लरहित माउंट बोर्ड दुहेरी घेतला, म्हणजे 2.8 मिलिमीटर. लग्नाच्या फोटोसाठी खिडकी पावणेदहा बाय पावणेपंधरा इंच, म्हणजे चित्राची प्रत्येक कड अष्टमांश इंच माउंटखाली. माउंटची रुंदी वर आणि बाजूंना पावणेतीन, खाली सव्वातीन. बाहेरचं माप सव्वापंधरा बाय पावणेएकवीस इंच. चौकटीचं आतलं माप त्याहून 3 मिलिमीटर मोठं, माउंट फुगला तर जागा हवी.

प्रिंट धरण्याची पद्धत कागदावर अवलंबून आहे. कॉटन कागदाला वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने. बाकी तिन्ही कडा मोकळ्या. चारी बाजूंनी चिकटवला तर पावसात कागद फुगतो, जागा मिळत नाही आणि मधे लाटा उठतात. लस्टरची पाठ प्लॅस्टिकची, तिला खळ धरत नाही. तिथे पारदर्शक पॉलिस्टरचे चार कोपरे वापरायचे, प्रिंटला त्यांत थोडं खेळायला जागा ठेवून. कोऱ्या कडेची युक्ती इथे कामी येते, कोपरे माउंटखाली पूर्ण झाकले जातात. सेलोटेप आणि दुहेरी टेप दोन्हीला मज्जाव. त्यांचा डिंक पिवळा पडून पुढच्या बाजूला दिसतो.

मागे हार्डबोर्डऐवजी आधी एक माउंट बोर्ड आणि त्यामागे 3 मिलिमीटर एसीपी (मधे प्लॅस्टिक असलेला ॲल्युमिनियमचा दुहेरी पत्रा). ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमधून ओल आत येत नाही. जाडीची बेरीज आधीच करून ठेवावी: काच 2, माउंट 2.8, प्रिंट जवळपास अर्धा, मागचा बोर्ड 1.4, एसीपी 3, एकूण 9.7 मिलिमीटर. पट्टीची खाच किमान 12 मिलिमीटर खोल हवी. स्वस्त पट्टीची खाच बहुधा याहून उथळ असते, आणि मग फ्रेमवाला आपल्या मनाने माउंट एकेरी करतो किंवा मागचा बोर्ड गाळतो. खाच फूटपट्टीने मोजूनच पट्टी पसंत करायची.

शेवटी काचेपासून एसीपीपर्यंतचा सगळा संच कडेने पॉलिस्टरच्या टेपने एकत्र बंद केला आणि मगच चौकटीत बसवला. हाराचं पाणी खाचेत उतरलं तरी आत शिरायला वाट उरत नाही. मात्र हे काम भर पावसात उघड्या दुकानात करायचं नाही, नाहीतर ओलच आत कोंडली जाते. सगळं साहित्य एसी चालू असलेल्या खोलीत दिवसभर ठेवून, आर्द्रतामापक 50 ते 55 टक्के दाखवत असताना संच बंद केला. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बूच, म्हणजे भिंत आणि पाठ यांच्यात हवा खेळती राहते.

आजोबांची फ्रेम वरून दोरीने पुढे झुकवून लावली, जुन्या घरांत दाराच्या वर लावायचे तशी. या झुकावामुळे उघड्या दाराचं प्रतिबिंब बसणाऱ्याच्या डोळ्यांऐवजी जमिनीकडे जातं. दुपारी चारची काळ्या कार्डबोर्डची चाचणी झुकवून पुन्हा केली, तेव्हा दाराचा फक्त खालचा उंबरा दिसत होता. लग्नाच्या फ्रेमला टीव्हीचा चौकोन चुकवायला आठ इंच डावीकडे सरकवावं लागलं, एवढंच.

एक पावसाळा गेल्यावर तिन्ही फ्रेम उतरवून पाहिल्या. काचेच्या आत धूसरपणा नाही, कुठे चिकटण्याची खूण नाही, कॉटन कागदाला लाट नाही. आजोबांच्या फ्रेमच्या खालच्या पट्टीचं लाकूड मात्र हाराच्या पाण्याने काळवंडलं आहे. टेपच्या आत काही गेलेलं नाही, पण पट्टीला दोन हात पॉलिश द्यावं लागेल. हार खिळ्याला अडकवण्याआधी झटकून घेतला तर तेही टळेल. गणपतीच्या आधीच्या साफसफाईत काच पुसणाऱ्याला एवढं सांगून ठेवावं: पाण्याचा फवारा काचेवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा, फडकं पिळून घ्यायचं आणि वरून खाली न पुसता कडांपासून मध्याकडे पुसायचं.